कोरडी भिंत

विमा कंपनीच्या सर्व्हेअरची एक जुनी सवय होती. कोणतीही भिंत तपासण्याआधी ओल मोजायच्या मीटरच्या दोन्ही सुया तो स्वतःच्या तळहातावर टेकवत असे. जिवंत माणसाच्या हातात ओल असतेच. मीटर किंचाळला की यंत्र ठीक आहे असे समजायचे. “बाबा आधी स्वतःलाच तपासतात,” असे त्याची मुलगी सगळ्यांना हसून सांगायची.

बुटांच्या दुकानातही त्याने तेच केले. मीटर किंचाळला.

दुकान बहीण-भावाचे होते. मागच्या खोलीत छतापर्यंत खोके रचले होते आणि कोणताही खोका उघडला तरी आतला बूट राखाडी लव आल्यासारखा दिसत होता. मागची भिंतही तशीच. वास मात्र ओलीचा नव्हता. खडूच्या भुकटीसारखा कोरडा होता.

“घाबरू नका साहेब, चावत नाही ती,” भिंतीला पाठ टेकून स्टुलावर बसलेला भाऊ म्हणाला. त्याचे ओठ भेगाळले होते. शेजारच्या काचेच्या जगमधले पाणी तो सारखा पीत होता.

“तू गप्प बस रे,” बहीण म्हणाली. “साहेब, क्लेम मिळेल ना? नाहीतर दुकान विकावं लागेल. आम्हाला दुसरं काही येत नाही हो.”

सर्व्हेअरने नियम समजावून सांगितला. नुसत्या बुरशीचे पैसे कंपनी देत नाही. पाइप फुटला, छत गळले, असे काहीतरी हवे. पाणी कुठून आले ते दाखवावे लागते. मग त्याने मनापासून शोध सुरू केला, कारण या दोघांच्या पदरात काहीतरी पडावे असे त्याला वाटत होते. भिंतीच्या खाली, वर, कोपऱ्यात त्याने सुया रोवल्या. मीटर गप्प होता. भिंत कोरडीठाक होती.

“मला लावून बघा,” भावाने हात पुढे केला.

मीटर गप्पच.

सर्व्हेअरने बॅटरी बदलली, स्वतःच्या तळहातावर खात्री करून घेतली आणि पुन्हा सुया टेकवल्या. काही नाही.

“कातडी फार कोरडी पडलीय तुमची. डॉक्टरांना दाखवा.”

“दाखवलं की. म्हणाले, पाणी प्या.” भाऊ हसला. ओठाची भेग उघडली, पण रक्त आले नाही.

ऑफिसात वरिष्ठ म्हणाले, “पाणी कुठेतरी मुरतंय. नामंजूर कर आणि मोकळा हो.” सर्व्हेअरने अजून एकदा जाऊन येण्याची परवानगी मागून घेतली.

या खेपेला स्टूल रिकामे होते.

“गेला,” बहीण म्हणाली. “तिथेच, बसल्या बसल्या. उचलायला घेतलं तर हलका लागला हो. रिकाम्या खोक्यासारखा.”

सर्व्हेअरने भिंतीकडे पाहिले. भिंतीवरची बुरशी सुकून तिचा भुगा जमिनीवर पडत होता. बहिणीने स्टूल पुसले आणि होते तिथेच, भिंतीला लावून ठेवले.

“बसा साहेब. सावकाश बघा. पण या खेपेला शोधाच.”

आत एखादा जुना पाइप असेल तर त्याची झुळझुळ तरी ऐकू येईल, म्हणून तो पाठ आणि कान भिंतीला टेकवून बसला. दुपार कलली. आत काहीच वाजत नव्हते. त्याचा घसा कोरडा पडला होता. उठावेसे मात्र वाटेना.

अखेर अंग झटकून तो उठला आणि त्याने वळून पाहिले. भिंत काळपट झाली होती, लव पुन्हा ताठ उभी राहिली होती. त्याने सुया रोवल्या.

मीटर किंचाळला.

“सापडली!” तो ओरडला. आवाज घोगरा निघाला. “ओल आहे इथे!”

तो मीटर घेऊन भिंतीच्या कडेने पुढे सरकला.

गप्प.

दुसऱ्या बाजूला. तिथेही गप्प.

ओल फक्त तो टेकला होता तेवढ्याच जागी होती.

मीटर बिघडला असावा. सवयीने त्याने सुया तळहातावर टेकवल्या. मग जोर देऊन दाबल्या.

मीटर गप्प होता.

दारात बहीण उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. ती बहुधा बराच वेळ तिथे असावी.

“पाणी कुठून आलं ते कळलं ना साहेब?” तिने हळूच विचारले. “मग आता क्लेम द्याल ना?”

आणि पाण्याने भरलेला काचेचा जग तिने स्टुलाशेजारी ठेवला.