अर्ध्यावर थांबणारा क्लच

हे खरं घडलं आहे. ती गाडी अजून विश्रांतवाडीत, आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे.

मागच्या ऑगस्टमधला मंगळवार. अब्बा मला ऑफिसला सोडत होते. सिग्नल सुटला आणि पहिला गिअर पडेना. नुसती खरखर.

"गाडी म्हातारी झाली, मिसबा."

"फक्त गाडीच का?"

"तुझ्या जिभेला बरं क्लच लागत नाही," अब्बा हसून म्हणाले.

अब्बांनी गाडी दाखवल्यावर संध्याकाळी आमचे मेकॅनिक श्रीनिवासकाका यांचा मला फोन आला. "गाडी ठणठणीत आहे. रहीमभाईंच्या डाव्या पायानं क्लचच पूर्ण दबत नाहीये. डॉक्टरकडे ने आधी."

डॉक्टर म्हटलं की अब्बा चिडायचे. मला त्या आठवड्यात रजा नव्हती. मी घरी सांगितलं, "क्लच प्लेट गेलीय. पुढच्या आठवड्यात बदलू."

बुधवारी पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. दुपारपर्यंत ते गेले.

अम्मीची नवऱ्यामागे पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली, तेव्हा गाडी विकायला काढली. काकांनी नवी बॅटरी टाकली, एक फेरी मारून पाहिली. गिअर छान पडत होते.

रविवारी दुपारी तीन वाजता मी गाडी द्यायला निघाले. अम्मी शेजारी बसली. बाहेर लख्ख ऊन होतं.

गिअर टाकला. खर्रर्र...

पुन्हा टाकला. तेच.

"त्यांच्यासारखीच चालवतेस," अम्मी म्हणाली.

मी पाय मागे घेतला. इंजिन बंद केलं.

तरीही खालून आवाज येत होता... स्प्रिंग कुरकुरल्यासारखा.

मी वाकून पाहिलं.

क्लचचं पेडल आपोआप खाली जात होतं... सावकाश. अर्ध्यावर थांबलं. थरथरलं. वर आलं.

पुन्हा खाली.

"पाय काढ गं," अम्मी म्हणाली.

"माझा पाय नाहीये तिथे."

अम्मीने वाकून पाहिलं.

पेडल पुन्हा अर्ध्यावर आलं. या वेळी ते वर गेलं नाही. तिथेच थरथरत राहिलं... अंगातला सगळा जोर लावावा, तसं.

काकांनी नंतर दोनदा खोलून पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही.

पण त्या दुपारी, अम्मी ऐकत असताना, मी त्या पेडलकडे बघून बोलले.

"अब्बा, पाय काढा आता. गाडीत बिघाड नव्हताच. तुमचा पाय दाखवायला हवा, हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. मी खोटं बोलले."