खोक्यातला वारा

पत्र्याच्या कोठीत दुपारी दोनला ताईने वारा मोजणाऱ्या सेन्सरची शेवटची तार जोडली. धाकटा भाऊ क्रेन चालवायचा आणि तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळी साईटच तिला ताई म्हणायची. ती त्याला उंटावरचा शहाणा म्हणायची, कारण तो वरून सगळ्यांना सल्ले देई.

सेन्सरला चार कान होते. ते आपसात माणसाला ऐकू न येणारा आवाज करत आणि त्यावरून वारा मोजत. तिथून तार रेडिओत, आणि रेडिओतून बिनतारी आकडा टेबलावरच्या पडद्यावर. उद्या सेन्सर क्रेनच्या टोकाला बसायचा होता. वारा चढला की भावाला वेळेवर खाली बोलावणं हे त्याचं काम. आईने पोराला एवढ्या उंच चढू दिलं होतं ते ताईच्या भरवशावर, त्यामुळे तिच्याकडून हयगय होणं शक्य नव्हतं.

आधी शून्याची परीक्षा. सेन्सर खोक्यात ठेवून झाकण लावायचं. आत वारा नाही, म्हणजे आकडा शून्य.

पडद्यावर आलं, उत्तरेकडून ०.३. मग दक्षिणेकडून ०.३. पुन्हा उत्तरेकडून.

तिने तार बदलली. बॅटरी बदलली. रेडिओसुद्धा बदलला. खोकं लोखंडी पेटीत ठेवलं, फटीतून तार तेवढी बाहेर काढली. आकडे तसेच चालू राहिले, मिनिटाला सोळा वेळा. ही लय आपल्या ओळखीची आहे असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. तरी तिने स्वतःचा श्वास रोखून पाहिला. काही फरक पडला नाही.

वॉकीटॉकीवर क्रेनच्या केबिनमधून भाऊ बोलला, "काय ग, जमलं का?" तो बोलत होता तेवढा वेळ आकडा एकाच दिशेचा राहिला.

"जरा श्वास रोखून धर."

"मला कुठे उचकी लागलीय?"

"धर म्हणते ना."

०.०.

तिने मनात दहापर्यंत मोजलं. मग फस्सकन हसू ऐकू आलं आणि पडद्यावर १.१ उमटलं.

ती घाबरली. "खाली ये. आत्ता."

"अग, तीनशे पायऱ्या आहेत."

"ये म्हटलं ना."

आकडे भरभर बदलू लागले. मिनिटाला वीस. सव्वीस. तीस.

मग ०.०.

ती खिडकीकडे धावली. तो शिडीच्या मध्यावर होता, एकेक पायरी सांभाळून उतरत होता. तिच्या जिवात जीव आला.

तो दारात उभा राहिला. एवढं उतरूनही त्याला धाप लागली नव्हती.

तिने पेटी उघडली, खोक्याचं झाकण काढलं. "यावर एक फुंकर मार."

तो वाकला. गाल फुगवले. मारली.

खोक्याच्या तळाशी सांडलेले थर्मोकोलचे कण जागचे हलले नाहीत.

"शून्य," तो पडद्याकडे बघून म्हणाला. "झालं की तुझं काम. आता आईला फोन कर, म्हणावं काळजी करू नकोस."