मधलं नाव टेट

सकाळी सहा वाजता बाबांना मागच्या दारातून हाक आली. ते उठून बाहेर गेले.

मला हाक ऐकू आली नाही. फक्त दाराची कडी वाजलेली ऐकली.

हे घडलेलं आहे. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. दोन बाजूंनी खात्री झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही, ही तिथली शिस्त. या एका गोष्टीची खात्री मला आजवर करता आलेली नाही, आणि त्याचाच मला संताप येतो. म्हणून जेवढं पाहिलं, ऐकलं, तेवढंच लिहितो.

गाव टूवूंबा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधलं. दिवस दोन वर्षांपूर्वीच्या सर्वपित्री अमावास्येनंतरचा.

इथे मी लोकांच्या घराण्यांचे इतिहास शोधून लिहून देतो. तेव्हा शेजारच्या शेरिलचं काम हातात होतं. तिचा मूळ पुरुष कॅप्टन जोसाया टेट हार्ल. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य असताना व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर तो लढला आणि त्याबद्दल त्याला मोठी जमीन मिळाली. पुढे त्याचा एक वंशज सोन्याच्या मागे ऑस्ट्रेलियात आला. सगळी साखळी जुळली होती.

फक्त कॅप्टनचा बाप सापडत नव्हता.

महिनोन्‌महिने सापडत नव्हता. शेरिल ऐंशीच्या पुढची. रोज कुंपणावरून विचारायची, "एनी लक, मेट?" मला तोंड चुकवावंसं वाटायचं.

माझे वडील, प्रल्हाद आगटे, तेव्हा पुण्याहून आले होते. एकदा चहा पिताना म्हणाले, "एवढं डोकं काय फोडतोस? नावातच आहे की. जोसाया टेट हार्ल. टेट हा बाप!"

"बाबा, यांच्यात मधलं नाव वडिलांचं नसतं."

"नसेना का. बाप तर सगळ्यांनाच असतो!"

चिन्मयी, माझी मुलगी, खो खो हसली. मीही हसलो.

सर्वपित्रीला दुपारी बाबांनी मागच्या अंगणात, नळाजवळ तर्पण केलं. दर्भ विमानतळावरच काढून घेतले होते, म्हणून लॉनमधलं गवत वापरलं. मी आत फोनवर होतो. आत आल्यावर त्यांनी सांगितलं, "शेरिलबाईंच्या त्या टेटलाही पाणी दिलं. आजच्या दिवशी कुणालाही देता येतं. बिचाऱ्याला कोणी विचारत नव्हतं."

अंगणात कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. आमच्याकडे कावळे आणि मॅगपाय एरवी ताटावर झडप घालतात.

त्या दुपारी एकही पक्षी आला नाही.

आवाजसुद्धा नाही...

संध्याकाळी पाहिलं तर पान पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हाक.

मी बाहेर गेलो तेव्हा धुकं दाट होतं. कुंपण दिसत नव्हतं. नळ चालू होता. बाबा अनवाणी उभे होते, दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरून.

"आलो, आलो," म्हणत होते.

"बाबा, कोणाला म्हणताय?"

"हाक मारली ना."

तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे लहानपणी मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी नळ बंद केला. त्यांना आत आणलं. चिन्मयी जिन्यात उभी होती.

"बाबा, हू वॉज दॅट मॅन?"

"कोणता माणूस?"

"द वन कॉलिंग आजोबा 'सन'."

मी तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तो आजोबांना मुलगा म्हणून हाक मारत होता.

त्याच आठवड्यात बाबांना डॉक्टरकडे नेलं. बीपी ठीक. स्कॅन ठीक. वार, महिना, पंतप्रधान, सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी पूर्ण नाव विचारलं.

"प्रल्हाद टेट आगटे."

माझ्या आजोबांचं नाव दीनानाथ.

"बाबा, दीनानाथ."

"ते कोण?"

थट्टा करत नव्हते. ते माझ्याकडे अनोळखी विषय निघाल्यासारखं पाहत होते.

डेस्कवर नाव चुकलं की दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा. मीही तेच करायला गेलो. बाबांना नळापाशी उभं केलं आणि म्हटलं, "म्हणा, त्या दिवशी नाव चुकलं. तुम्ही माझे कोणी नाही."

"वडिलांना असं म्हणू?" बाबा भडकले. "लाज नाही वाटत?"

मी ओरडलो. आजोबांचा फोटो दाखवला. त्यांच्या कडेवर बसलेला मुलगा कोण, विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"आणि हे?"

फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "कोणी शेजारी असतील."

पुढे कॅप्टनच्या नावाचाही उलगडा झाला. टेट हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. बापाचं नाव अजूनही सापडलेलं नाही. पण टेट नावाचा बाप त्या घराण्यात कधी नव्हता, हे नक्की.

मग त्या नावावर आलं कोण?

शेरिलला मी एवढंच सांगितलं की टेट तिचा पणजोबा-खापरपणजोबा कोणी नाही. बाबांनी तिलाही कुंपणापाशी टेटबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, "नो वरीज. योर डॅड सीम्ड सो शुअर."

बाबा पुण्याला परतले. माझा भाऊ अजित त्यांच्याजवळ असतो. वाटलं, घरी गेल्यावर ताळ्यावर येतील. पहिलं वर्ष शांत गेलं. त्या सर्वपित्रीला ते तापाने झोपून होते, तर्पण झालंच नाही.

परवा सर्वपित्री झाली. अजितचा फोन आला.

"यतिन, टेट कोण रे?"

"का? काय झालं?"

"तर्पणाला बाबांनी आजोबांचं नाव घेतलंच नाही. गुरुजींनी तीनदा सांगून पाहिलं. गोत्र विचारलं, तर म्हणतात, त्यांनाच विचारा, बाहेर उभे आहेत."

"बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही. मी पाहून आलो ना."

तेवढ्यात फोनमध्ये मागून आवाज आला. पुरुषाचा. थकलेला. चिन्मयीने सांगितलेला तोच एक शब्द, इंग्रजीत...

मी तो पहिल्यांदाच ऐकला.

"अजित, आत्ता कोण बोललं?"

"कुठे? कोणी नाही बोललं."

मग बाबांचा आवाज आला. "आलो, आलो."

"थांबव त्यांना," मी ओरडलो.

अजितने फोन खाली ठेवला. लांबून कडी वाजलेली ऐकू आली.

अजित सांगतो, तो दारापर्यंत पोचला तेव्हा बाहेरचा जिना रिकामा होता. बाबांच्या चपला दारातच होत्या. पोलिसांत तक्रार दिली आहे. हे लिहीपर्यंत बाबा सापडलेले नाहीत.