पाय धुवून येतो

ही खरी घडलेली गोष्ट आहे. शपथ वगैरे घेणार नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, तुमच्या पटण्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

या पेजवरच्या गोष्टी मी वाचते. अमावस्या, पिंपळ, पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस. हसू येतं. म्हणून आधीच सांगते, माझ्या गोष्टीत अमावस्या नाही. रात्रच नाही. एप्रिलमधली भर दुपार होती आणि जागा होती कागलच्या अलीकडे, हायवेला लागून असलेलं गाड्या धुण्याचं यार्ड.

मी क्रांती. राहायला कोल्हापुरात. आमच्या घरी छप्पन सालापासून देव्हारा नाही. भूत, करणी, उतारा यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. मी शिकले शेतीतलं कीटकशास्त्र. परदेशी जाणाऱ्या मालात कीड, बी किंवा माती नाही ना हे तपासून सही करायची, ही माझी नोकरी. आजऱ्याचा काजू असतो, गूळ असतो, लाकडी खोकी असतात.

त्या वर्षी लष्कराचं सामान आलं.

परदेशात कुठेतरी पाच-सात देशांच्या फौजा एकत्र येऊन सराव करणार होत्या. म्हणजे लढाई खोटी आणि फोटो खरे. त्यासाठी एका डेपोत वर्षानुवर्षं झाकून ठेवलेले ट्रक, जनरेटर, पाण्याच्या टाक्या असं सगळं बाहेर काढून, ट्रेलरवर लादून बंदराकडे चाललं होतं. वाटेत आमच्याकडे धुलाई. कारण त्या देशाचा नियम कडक होता. चाकाच्या खाचेत चिमूटभर माती सापडली तरी गाडी जहाजावरून उतरू देत नाहीत. तिच्याबरोबरचा सगळा माल अडकतो.

आणि सही कुणाची? माझी.

यार्डाचा मॅनेजर यशराज. मनगटात चार रंगांचे दोरे. पहिला ट्रक आत आला तेव्हा या शहाण्यानं चाकाखाली लिंबं ठेवली आणि टायरवर नारळ फोडला. मग मी उन्हात बसून टायरच्या खाचांमधून लिंबाच्या बिया चिमट्यानं वेचत राहिले.

"मॅडम, शुभ असतंय ओ," तो म्हणाला.

"तिकडचे लोक तुमचं शुभ पिशवीत भरून परत पाठवतील. वर तुमचं नाव घालून," मी म्हटलं.

त्याला काही लागत नाही. असल्या माणसांना लागत नसतं.

खरं काम जोतीराम करायचा. पन्नाशीचा गडी, पायात गमबूट, हातात प्रेशरची गन. गाडी रॅम्पवर ओढून घ्यायची आणि वरून, खालून, आतून पाणी मारायचं. पाणी आधी गढूळ येतं. मग स्वच्छ. स्वच्छ आलं की मी टॉर्च घेऊन आत शिरते. यात गूढ काहीही नाही.

सगळ्या गाड्या अशाच झाल्या.

एक ट्रक सोडून...

त्या ट्रकचं पाणी आधी स्वच्छ आलं.

मग गढूळ.

"आत्ता गं!" जोतीराम म्हणाला. त्यानं गन बंद केली, परत चालू केली. ड्रायव्हरच्या सीटखालून राखाडी चिखल ओघळत होता. मी बोटावर घेऊन बघितला. आमच्याकडची माती काळी, आजऱ्याकडे तांबडी. ही राखाडी होती आणि उन्हात चमचमत होती. अभ्रकाचे कण. अशी माती इथं कुठेच नाही. लांबच्या, उंच डोंगरातली असते ती.

असेल, म्हटलं. डेपोवाल्यांनी न धुता ठेवला असेल. सरकारी काम.

जोतीरामनं परत धुतलं. मी टॉर्च मारून, बोट फिरवून तपासलं. क्लचखाली, ब्रेकखाली, रबराच्या मॅटखाली. लख्ख होतं. मी केबिनला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. यशराजवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुलूप मीच काढलं...

क्लचखाली चिखल होता. ओला.

एप्रिलमध्ये आमच्या यार्डात फडकं पिळून टाकलं तर बघता बघता वाळतं. आणि तो चिखल ओला होता. आत्ताच कुणीतरी पाय ठेवून गेल्यासारखा.

मी सगळ्यांना झाडलं. कुणाचा चावटपणा म्हणून विचारलं. मग चेसिसच्या पोकळीत नळीचा कॅमेरा घालून बघितलं. आत कोरडं ठणठणीत. यशराज लगेच लिंबू आणायला निघाला. मी त्याला हायवेवरच जाऊन बसायला सांगितलं.

दुपारी सगळे जेवायला शेडमध्ये गेले. मी रॅम्पजवळ सावलीत डबा उघडून बसले. यार्डात शांतता होती. पंपही बंद होता.

खट्...

मी वर बघितलं.

टक्...

क्लच दाबल्याचा आणि सोडल्याचा आवाज. इंजिन बंद. केबिनला कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये.

मग तिसरा आवाज आला. खरड... खरड... दारातल्या दगडावर माणूस चिखलाचे पाय घासतो ना, तसा.

मी उठले, कुलूप काढलं आणि दार ओढलं. सीट रिकामी होती. क्लच मात्र खालून वर येत होता. सावकाश. कुणीतरी अलगद पाय काढून घ्यावा तसा. आणि खाली ताजा चिखल.

मी घाबरले. लिहायला लाज वाटते, पण घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो. म्हणून शेडमध्ये जाऊन मी जोतीरामला जेवणावरून उठवलं आणि आधी क्लचची स्प्रिंग तपासायला लावली. स्प्रिंग ठीक होती.

तिसऱ्या दिवशी गाड्या निघायच्या होत्या. संध्याकाळी ट्रेलर बंदराकडे सुटणार. तो ट्रक मागे राहिला तर का राहिला, याचं उत्तर मला द्यायचं होतं. काय लिहू? क्लचखाली कुणीतरी पाय घासतं? आणि सही करून मोकळी झाले आणि तिकडे चिखल निघाला, तर पुन्हा कुठल्या कागदावर माझी सही चालली नसती.

सकाळपासून जोतीराम धूतच होता. पाणी गढूळच येत होतं.

तेवढ्यात यशराज आला. "मॅडम, गेटवर एक म्हातारं बसलंय. तुम्हालाच भेटायचं म्हणतंय. मांडीवर मडकं हाय."

"इथं दही घेत नाही म्हणावं."

"दही न्हाय ओ. रिकामं हाय."

मी गेले. हाकलायलाच गेले. धोतर, टोपी, सुकलेला माणूस. कोरं मडकं, तोंडाला पांढरं फडकं. मला बघून तो उठला.

"मी केरबा. मुरगूडकडचा. बाई, तुमच्यात लष्कराचा एक ट्रक हाय, तो माज्या पोराचा हाय."

"तो सरकारचा आहे, आजोबा."

त्यानं खिशातून फोटो काढला. वर्दीतला तरुण पोरगा, बॉनेटला टेकून हसत उभा. मागे गाडीचा नंबर. नंबर तोच होता.

"ज्ञानू. डायवर हुता. तिकडं वरच्या डोंगरात दरड आली. ट्रक घावला. पोरगं न्हाय घावलं." त्यानं फोटो परत ठेवला. "दिवस घातलं आमी. पर रक्षाविसर्जन कशाचं करायचं?"

मला वाईट वाटलं. पण रॅम्पवर काम अडलेलं होतं आणि असल्या वेळी मी वाईट वाटून घेत बसत नाही. "मग इथं काय पाहिजे तुम्हाला?"

"त्येच्या पायाखालची माती."

मी गर्रकन मागून आलेल्या जोतीरामकडे वळले. त्यानं कानाला हात लावले. मातीबद्दल यार्डाबाहेर कुणीही बोललेलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला, ट्रकमध्ये माती आहे म्हणून?"

"त्योच आलता की. परवा दुपारी. दारात हुबा ऱ्हायला. म्हटलं, आत ये की लेका. तर म्हनला, गाडी कागलला आलीया. पाय लई घाण हायत आप्पा... धुवून येतो."

यशराजनं गळ्यातला ताईत मुठीत धरला. मला त्या माणसाची किळस आली.

"स्वप्न," मी म्हणाले. "दुपारी जेवून पडलं की या वयात असली स्वप्नं पडतात. आणि नंबर काय, हायवेवरून जाताना अख्ख्या तालुक्यानं बघितलाय."

"आसंल की," केरबा म्हणाला. "मी कुठं न्हाय म्हनतोय?"

"काढलेली माती चुन्याच्या खड्ड्यात जाते. नियम आहे. घरी जा."

तो गेला नाही. परत खाली बसला.

मी रॅम्पवर आले, जोतीरामनं गन परत चालू केली. ट्रकखालून राखाडी पाणी येतच होतं. चमचमत होतं. थांबतच नव्हतं. मी म्हटलं, प्रेशर वाढव. त्यानं वाढवलं. पाणी आणखी गढूळ झालं.

जोतीरामनं गन खाली ठेवली.

"मॅडम, हे आमच्यानं निघायचं न्हाय. ज्येचं हाय त्येला देऊन टाका."

"तू पण?"

"मी काय म्हनत न्हाय. पर ट्रेलर यायची येळ झालीया."

माझं डोकं फिरलं. "बोलवा त्या म्हाताऱ्याला!" मी ओरडले. "काय न्यायचं ते नेऊ दे. अख्खा ट्रक न्या म्हणावं मुरगूडला!"

केरबानं वर चढायच्या आधी चपला काढल्या. आत वाकला. खुरपं दिलं, ते घेतलं नाही. क्लचखालचा चिखल तो बोटांनी काढत होता. हळू. जपून. मधेच काहीतरी पुटपुटत होता. "हां... झालं... दुसरा..." असं काहीतरी. मी तोंड फिरवलं. लवकर आवरा म्हणून हाक मारली.

तो मडकं घेऊन उतरला.

"आता नदीत सोडणार?" मी विचारलं. मनात होतं ते सगळं आवाजात आलं.

"नदी कशाला घाण करायची, बाई? शेतात आंबा लावणार हाय. त्येच्या बुडात घालायची."

तीन दिवसांत त्या यार्डात कुणीतरी बोललेली पहिली शहाणपणाची गोष्ट. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

जोतीरामनं गन चालू केली...

पाणी स्वच्छ आलं.

आम्ही वाट बघितली. स्वच्छच येत राहिलं. मी टॉर्च मारली, बोट फिरवलं, वास घेतला. काही नाही. मी सही केली.

इथं संपायला हवं होतं. मी गेटजवळच्या नळाला पाइप लावून माझे बूट धूत होते. केरबा मडकं काखेत घेऊन बाहेर निघाला आणि गेटात थांबला. आमच्याकडे बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायची रीत आहे. मला वाटलं, स्वतःच्या पायावर मागतोय.

"बाई, पाणी सोडा की जरा हितं."

त्यानं स्वतःच्या पायाकडे बोट केलं नाही. शेजारी केलं.

तिथं कुणी नव्हतं. नुसतं काँक्रीट होतं. तापलेलं, कोरडं. मीच सकाळी झाडून घेतलेलं.

"हे एक राहिलं होतं," मी म्हणाले आणि पाइप तिकडे वळवला. त्याला एकदा दाखवून द्यावं आणि घालवावं, एवढंच मनात होतं.

पाणी स्वच्छ वाहत गेलं...

मग गढूळ.

राखाडी. चमचमणारं. आधी एका जागेवरून. मग वीतभर बाजूच्या जागेवरून.

एक पाय... मग दुसरा.

माझ्या हातातून पाइप सुटेना. मी पाणी घालत राहिले. केरबा खाली बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रडूही नव्हतं. पोराचे पाय नीट निघाले का हे बाप बघतो, तसा बघत होता.

पाणी परत स्वच्छ झालं.

"बास, बाई. निघालं." मग शेजारी वळून तो हळूच म्हणाला, "चल."

तो एसटीच्या थांब्याकडे गेला. मी फक्त त्याच्या चपलांकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारी, ओल्या काँक्रीटवर, मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

ट्रक परदेशी गेले, सराव झाला, परत आले. कुठलीही तक्रार आली नाही. यशराज अजून सगळ्यांना सांगतो की हे त्याच्या लिंबामुळे झालं. त्याच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही खाली स्पष्टीकरणं लिहाल. लिहू नका, माझ्याकडे तुमच्यापेक्षा बरी आहेत. माती सीटच्या नळीत अडकली असेल. क्लच उन्हानं ढिला झाला असेल. गेटवरचा चिखल म्हाताऱ्याच्या धोतरातून पडला असेल. मी रोज स्वतःला यातलं एकेक सांगते आणि बहुतेक दिवशी पटतंही.

फक्त एक गोष्ट यात कुठेच बसत नाही. ती मी जोतीरामलाही सांगितलेली नाही.

मी पाइप धरला होता ना, तेव्हा पाणी काँक्रीटवर पडतच नव्हतं.

जमिनीच्या थोडं वर... घोट्याएवढ्या उंचीवर... फुटत होतं.