उजव्या बुटातला लालपाठ्या

"संध्याकाळपर्यंत किल्ल्या ठेवून जा म्हणाले," स्टुडिओचं सामान सांभाळणारी थेल्मा म्हणाली. "गमबूट मी मांडले, म्हणून त्यातला कोळीही म्हणे मीच घातला!"

बेरिल ट्रेगिअरने पर्स मांडीवर आपटली. नवरा गेल्यापासून ती खासगी तपासाची कामं घ्यायची. पण असल्या पोरखेळापायी मेलबर्नच्या टीव्ही स्टुडिओची पायरी चढावी लागेल, असं तिला वाटलं नव्हतं.

'शनिवारचा सापळा' हा कार्यक्रम म्हणजे नावाजलेल्या माणसांच्या खोड्या काढायच्या, त्यांना चिखलात लोळवायचं, अन् अख्ख्या देशाने जेवता जेवता खिदळायचं. गेल्या शनिवारी डार्सी क्विलन या जुन्या फुटबॉलवीराला चिखलात मेंढी धरायची होती. त्याने गमबूट घातले अन् बोंब ठोकली. उजव्या बुटात लालपाठ्या कोळी निघाला. खरा, विषारी, चिरडलेला.

"तुझ्या कपाटातले कोळी?" बेरिलने विचारलं.

"रबराचे, बाई! सामानाच्या खोलीत माझी उमर गेली. चोर म्हणा, पण खुनी? आता मला कोण दारात उभं करील?"

"वहिनी, मला त्या कॅलमचाच संशय येतो," मर्व्ह म्हणाला. मर्व्ह म्हणजे बेरिलचा धाकटा दीर. गाडी चालवायचा अन् न विचारता मत द्यायचा.

"काल तुला आपल्या दूधवाल्याचा येत होता."

कॅलम म्हणजे खोड्या काढणारा सूत्रधार. तो वरच्या उपाहारगृहात मटणाचा पॅटिस खात बसला होता. आरोप ऐकून त्याने तो बशीत टाकला.

"मी? मग कॅमेरा बुटाच्या आत लावला असता! खोडी करायची अन् दाखवायची नाही, हे आमच्यात पाप. उलट नुकसान माझंच. चिखलानंतर डार्सी मनोऱ्यावरून तलावात उडी मारणार होता. गावोगाव फलक लागले होते. पाय सुजला म्हणे, उडी रद्द!"

बेरिलने डार्सीला वर बोलावलं. तो आला नाही. निरोप आला, खालीच भेटा.

"त्यांचा चहा खालीच न्यावा लागतो," वाढणारी पोरगी करवादली. "पहिल्या दिवसापासून. पाय धड होता तेव्हापासून! इथला जिना काचेचा, साहेबांना चढवत नाही."

खाली अंगणात डार्सी पाय पसरून बसला होता.

"कुठले तुम्ही?" बेरिलने विचारलं.

"मॅलीच्या रानातला, आजीबाई. मेंढरांत वाढलो."

"तिकडे लालपाठे असतील."

"शेडमध्ये बादलीभर!"

मग तिने शनिवारचं चित्रण लावून घेतलं. डार्सी बाकावर बसला. डावा बूट उपडा केला, दोनदा जमिनीवर आपटला, घातला. उजवा उचलला, घातला. किंकाळी.

"कसा कळवळला बिचारा!" मर्व्ह हळहळला.

"डोळे उघड अन् परत बघ."

मर्व्हने परत बघितलं. परत हळहळला. बेरिलने कपाळाला हात लावला.

दुपारी तिने सगळ्यांना स्टुडिओत गोळा केलं. निर्माता गॅव्हिन घड्याळ बघत होता. बेरिलने डार्सीपुढे गमबूट टाकले.

"घाला."

"कशाला?"

"बाई माणूस सांगतेय म्हणून."

पुटपुटत त्याने डावा उपडा केला, आपटला, घातला. उजवा उपडा केला, आपटला...

त्याचा हात थांबला.

"आज दोन्ही आपटले," बेरिल म्हणाली. "रानातलं माणूस बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाही. माझा नवरा लग्नाचे बूटसुद्धा आपटून आला होता. मग शनिवारी उजवाच का नाही आपटला?"

"घाईत विसरले असतील," मर्व्ह म्हणाला.

"डावा नाही विसरला! उजवा आपटला असता तर कोळी सगळ्यांदेखत खाली पडला असता, अन् चावल्याचं सोंग वठलं नसतं. आत काय आहे हे त्याला ठाऊक होतं. शेडमधून मेलेला आणून यानेच ठेवला."

"पण का?" गॅव्हिनने घड्याळ बघायचं सोडलं.

"ज्याला काचेचा जिना चढवत नाही, तो मनोऱ्यावरून उडी कसा मारील? नाचता येईना, अंगण वाकडं!"

डार्सीने डावा बूटही काढून ठेवला. "मैदानावर बैलासारखी माणसं अंगावर घेतली मी. उंचावर मात्र पाय गळतात. फलक लागल्यावर कोणत्या तोंडाने सांगू? थेल्माचं नाव मी घेतलं नव्हतं."

"पण तिने नाही केलं, असं म्हणालास का एकदा तरी? तुझी लाज झाकायला तिची भाकरी काढून घेतलीस, रे मेल्या."

थेल्माने जमा केलेल्या किल्ल्या गॅव्हिनने तिच्यापुढे धरल्या. तिने हात पुढे केला नाही.

"शनिवारी याने सगळ्या देशापुढे सांगायचं. जिथे माझं नाव गेलं, तिथेच ते परत यायला हवं."

कॅलमचे डोळे चमकले. "मनोऱ्यावरून सांगू दे!"

"जमिनीवरून," थेल्मा म्हणाली. "मला कुणाचा जीव घ्यायचा नाही."

तिने किल्ल्या घेतल्या. गमबूट उचलले, दोन्ही उपडे करून दणादण आपटले, अन् कपाटाकडे चालू लागली.