खोपडी छाप डबा

पोळा नुकताच झाला होता. शाळा सुटायला आणि पाऊस कोसळायला एकच गाठ! मी धावत जेठमलशेठच्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरले. त्यांचा मुलगा मदनलाल कपाशीवर फवारायच्या औषधाचे रिकामे डबे बायकांना फुकट वाटत होता.

"सरलाबाई, तुम्हालाही देऊ? खोपडी छाप आहे."

"खोपडी छाप?"

"मोर छाप असतो, कमळ छाप असतो... तसा हा!"

"भलता मजबूत शे, बाई," शेजारची तापीबाई म्हणाली.

मदनलाल हसला. त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. ती मला दिसलीच कशाला, म्हणून स्वतःचाच राग आला. पदरानं डबा पुसला, तर कवटीखाली बारीक इंग्रजी अक्षरं – विष. डबा फोडून पुरून टाका.

"अहो, हे विष आहे!"

"पाच पाण्यांनी धुतो हो, नाल्यावर नेऊन." आणि पुन्हा ती मेली खळी!

नाल्यावर! तिथले मासे, बेडूक चार दिवसांपासून उताणे तरंगत होते. माझ्या जिवाला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सातवीला पाण्याचे गुणधर्म शिकवायचे होते. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर कवटी काढली.

"हा डबा कुणाकुणाच्या घरी आहे?"

एकोणीस हात वर झाले. कवटीचा अर्थ काय, ते मी त्यांना समजावून सांगितलं.

पोरांनी घरी जाऊन त्या डब्यांतल्या डाळी, पिठं उकिरड्यावर ओतली. गावभर आरडाओरडा! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मदनलाल तणतणत शाळेत आला.

"बाई, विज्ञान शिकवताय की आमचं दुकान बंद पाडताय? पुस्तकातला बेडूक शिकवा ना!"

"पुस्तकातला बेडूक ठणठणीत आहे, शेठ. नाल्यातले मेलेत... ते कुणी शिकवायचे?"

"पण पोरांना कशाला? मोठ्यांना सांगायचं."

"सांगितलं होतं की, तुम्हालाच. तुम्ही हसलात." मी हातातला खडू टेबलावर आपटला. "पोरं हसत नाहीत. ती घरी जाऊन आईचा पदर ओढतात."

आईचं नाव निघालं, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईनं तूप त्याच डब्यात भरलंय. तिच्या गुडघ्यांसाठी मेथीचे लाडू केले त्याचे. दोन दिवस उलट्या होताहेत. आम्ही म्हटलं, पित्त..."

"चला!"

मी त्याच्या सायकलवर मागे बसले. अख्खं म्हसावद गाव बघत होतं. बघू दे!

त्याच्या आईला, बदामबाईंना, धरून कसंबसं एसटीत बसवलं. वाटेत त्यांना झटका आला, डोळे फिरले. शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना आत नेलं आणि दार लावलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो.

मदनलाल घाबरला, की आमच्या अहिराणीवर यायचा.

"मन्ही माय... वाची ना?"

मी त्याचा हात धरला. देवा, या माणसाची आई राहू दे, एवढंच मनात चाललं होतं. हा माणूस माझा कोण, हे तेव्हाच मला कळलं. असल्या वेळी कळावं का हो?

दार उघडलं. "वाचल्या," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक दिवस ते तूप पोटात गेलं असतं, तर..."

मदनलालनं बाहीनं डोळे पुसले. मग वळून हळूच म्हणाला, "घरोघर जाऊन डबे परत मागणार आहे. चूक माझी, असं सांगणार आहे. पण एकट्याची छाती होत नाही... तुम्ही याल बरोबर?"

"येईन. पण गुजराची पोर मारवाड्याच्या मुलाबरोबर दारोदार हिंडतेय म्हटल्यावर गाव काय बोलेल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणूनच विचारतोय, सरला."

बाई नाही... नुसतं सरला.

मी हो म्हणाले. आणि दुपारपासून दाबून धरलेलं रडू तेव्हा कुठे फुटलं.