स्लो पकडत नाही

गॅरेजांच्या त्या ओळीत त्याला सगळे करंट म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करता करता माणूस इतके झटके खाऊन बसला होता, की भीती नावाची वस्तू त्याच्या गावीही नव्हती. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की तो म्हणायचा, "अर्थिंग ढिलं असेल, बघून घ्या!" आणि स्वतःच खो-खो हसायचा.

त्या दुपारी त्याची धाकटी बहीण गाडी घेऊन आली. दारातच इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

"दादा, तू अलार्म बसवल्यापासून हिची तऱ्हाच बदललीय. चालत असली की ठीक. उभी केली की स्लो पकडत नाही, इंजिन हळू एका लयीत चालतच नाही. मध्येच रेस होते, मध्येच मरते."

"पेट्रोलमध्ये कचरा असेल, चिमे."

"कचरा? काल शाळेच्या फाटकाशी पिल्लूची वाट बघत उभी होते. पाय ब्रेकवर. आणि हिनं अशी उसळी घेतली… समोरून मुलं जात होती रे! ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले, म्हणून निभावलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

करंटचं हसू मावळलं. गाडीचे गिअर आपोआप पडणारे, म्हणजे रेस वाढली की गाडी पुढे धावणारच. पिल्लू त्याची भाची, दुसरीत शिकणारी. घरात त्या मायलेकी दोघीच, आणि दोघी रोज याच गाडीनं जाणार-येणार. अलार्म बसवला होता त्यानंच.

अलार्मचीही एक कथाच होती. चिमीनं ही गाडी जुनी घेतली, आणि घेतल्यापासून रोज सकाळी ड्रायव्हरची सीट पार मागे सरकलेली असायची. ही दोघं भावंडं बुटकी, एकाच मापाची. स्टिअरिंगला छाती टेकेल इतकी सीट पुढे घेतल्याशिवाय चिमीचे पाय पोचत नसत. कुलूप शाबूत, काच शाबूत, चोरी कशाची नाही. कुणीतरी लंबू रात्री येऊन नुसता बसतो आणि उजाडायच्या आत जातो, असं तिनं ठरवूनच टाकलं. करंटनं भारीतला अलार्म आणून बसवला. पहिल्याच रात्री त्यानं सगळी गल्ली जागी केली. शेजारी काठ्या घेऊन धावले, तर दारं बंद आणि गाडीत कुणी नाही. करंट म्हणाला, "आतला हालचालीचा सेन्सर फार हळवा आहे. पाल सरकली तरी बोंब मारतो." त्यानं त्या सेन्सरची वायर काढून टाकली. मग अलार्म कधी वाजला नाही, आणि नवल म्हणजे सीटही पुन्हा सरकली नाही. "बघ, पळाला ना चोर!" म्हणून त्यानं कॉलर ताठ केली होती.

"अलार्म बसवताना बॅटरी काढली होती ना मी, तेव्हा गाडी सगळं विसरली असणार," तो आता म्हणाला. "या गाड्यांना डोकं असतं. बॅटरी निघाली की स्लो किती ठेवायचा, तेच विसरतात. मग परत शिकवायचं. इंजिन चालू ठेवायचं आणि कुणी कशालाही हात लावायचा नाही. तेव्हा अॅक्सिलरेटरचं पेडल जसं असेल, तेच शून्य असं ती धरून चालते. लहान पोरासारखं असतं, जी सवय लावाल ती लागते."

"शाळा सुटायच्या आत लाव बाबा काय ती सवय. नाहीतर पिल्लू रडून गाव गोळा करेल," असं म्हणून ती बाजाराच्या कामाला निघून गेली.

शिकवण्याआधी त्यानं सगळं तपासलं. आपणच मारलेले वायरींचे जोड, अर्थिंग, हवेचे पाइप. कुठे खोट नव्हती. मग त्यानं स्कॅनर जोडला, खिडकीतूनच हात घालून इंजिन सुरू केलं आणि पडद्याकडे बघत राहिला. पडदा सांगत होता, अॅक्सिलरेटर दाबला जातोय. हळूच खाली, हळूच वर. कंटाळलेला माणूस वाट बघताना करतो तसा.

"सेन्सर गेला," तो मोठ्यांदा म्हणाला. टॉर्च घेऊन तो दार उघडून आडवा झाला आणि त्यानं डॅशबोर्डखाली उजेड टाकला. सीटखालून ओल्या बुटांसारखा कुबट वास येत होता. बाहेर तर रणरणतं ऊन.

सेन्सर गेला नव्हता. पेडलच खाली जात होतं.

आता तुम्हीआम्ही असतो तर तिथूनच धूम ठोकली असती. पण मेकॅनिकचा हात, तो आधी पुढे जातो आणि मग विचार करतो. त्यानं पेडल धरलं. आणि त्याच्या बोटांवर कुणीतरी पाय ठेवला.

जोरात नाही. चुकून पडलेलाही नाही. सावकाश, सगळा भार देत ठेवलेला. बुटाचा तळ टणक होता, आणि थंडगार.

तो किंचाळला. हात हिसकला, डोकं स्टिअरिंगवर आपटलं, हॉर्न वाजला. शेजारच्या गाळ्यातला डेंटर हातोडी थांबवून ओरडला, "काय रे करंट, खाल्लास का झटका?" बोटांवर आडव्या रेघांचे वळ उठले होते. बुटाच्या तळाला असतात तशा रेघा.

त्यानं इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून त्या हळव्या सेन्सरची वायर परत जोडली, दारं लावली आणि रिमोट दाबला. सायरननं त्याच क्षणी आभाळ फाडलं.

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी रात्री कुणी यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. अलार्म लागला त्या रात्रीही तो आत बसलेलाच असणार. बाहेरच्याला आत येऊ न देणारा अलार्म, तो आतल्याला बाहेर तरी कसा जाऊ देईल? चोर पळाला नव्हता. करंटनं त्याला कोंडला होता. आणि गेले कित्येक दिवस चिमी त्याच्या मांडीवर बसून गाडी चालवत होती.

त्यानं अलार्म मुळापासून उपटला. चारही दारं सताड उघडली, डिकीसुद्धा. आणि कधी देवापुढेही न वाकलेला तो माणूस हात जोडून कुजबुजला, "साहेब… चूक झाली… उतरा आता."

काही हललं नाही. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार किंचित करकरलं. वारा असेल, नसेल. गेला, असं करंटनं मानलं. मानायलाच हवं होतं, शाळा सुटत आली होती.

बॅटरी काढून लावली. इंजिन सुरू करून तो लांब जाऊन उभा राहिला आणि गाडीला शिकू दिलं. काय सांगू, इंजिन असं एका लयीत चालू लागलं की ऐकत राहावं. आचका नाही, उसळी नाही. त्याला रडूच कोसळलं. एक फेरी मारून बघायला हवी होती, पण आत बसायची छाती झाली नाही.

चिमी आली ती खूश होऊन. "अगंबाई, किती गोड चालतेय!"

"आज… आज बसनं जा ना. उद्या ने."

"का? झाली ना नीट?"

काय सांगणार? त्यानं स्कॅनर सोडवून घेतला. ती आत बसली आणि करवादली, "सीट कशाला मागे सारलीस रे? आणि आता येतही नाहीये पुढे… राहू दे, पर्स घेते पाठीशी. होईल सवय." आणि ती गेलीसुद्धा.

त्यानं सीटला हातच लावला नव्हता.

हातातल्या स्कॅनरवर शेवटची नोंद तशीच थांबलेली होती. वरची रेघ इंजिनाची, सरळसोट. खालची रेघ पेडलची, तीही सरळसोट. पण शून्याच्या वर. शिकवण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पेडलवर कुणाचा तरी पाय होता, न हलता. आणि गाडीनं त्यालाच शून्य धरलं होतं.

त्यानं फोन लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. रिंग संपली, परत लावला. परत. शेवटी पाठीमागच्या पर्समध्ये दबून तो आपसूक उचलला गेला.

मुलांचा गलका ऐकू आला. शाळा सुटली होती. इंजिनाची ती गोड लय. आणि रुळांवर सीट सरकल्याचा आवाज, कट्ट.

"सरकली बाई एकदाची पुढे!" चिमी हसत म्हणाली.

कट्ट… कट्ट…

"चिमे! उतर! चिमे!" तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता, आणि पर्समधल्या फोनचा आवाज कुणाला जाणार?

कट्ट.

"बास… अगंबाई, बास ना… बास—"

"आई, दार उघड ना," पिल्लूचा आवाज आला. इंजिन स्लो पकडून चाललं होतं.